हे आकडे संसाराचे आहेत

लोकांच्या लैंगिक संबंधांबद्दल सर्वेक्षणं होतात, घरोघर जाऊन बायाबापड्यांना त्याबद्दल विचारलं जातं, असं कळलं की आमच्या श्रीपूर-महाळुंग-अकलूज पट्ट्यातली शिकलीसवरली माणसंसुद्धा एका सुरात बोलू लागतात. पहिलं म्हणणं असं की या गोष्टी कोणी खऱ्या सांगत नाही, तेव्हा आकडे खोटेच असणार. दुसरं, असली थेरं पुण्या-मुंबईत चालतात, आपल्या खेड्यात त्यातलं काही नाही. आणि तिसरं, असलंच तरी तो चार भिंतींच्या आतला मामला आहे, त्याची मोजदाद करून कोणाचं भलं होणार? शिक्षक, डॉक्टर, कारखान्यातले साहेब, सगळ्यांकडून मी हे ऐकलं आहे. लोक सांगतच नसतील, तर खेड्यात काही नाही हे यांना कोणी सांगितलं, असं विचारलं की विषय बदलतो. मला ही तिन्ही म्हणणी साफ चूक वाटतात. त्यांची किंमत ज्या बायका मोजतात त्या आपल्याच गावात, आपल्याच कारखान्याच्या भोवती राहतात, म्हणून ती नुसती चूक म्हणून सोडून देता येत नाहीत.

विरोध करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी प्रत्यक्ष प्रश्नावली पाहिलेली असते. त्यामुळे आधी तिच्याबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून होत आलं आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी ते मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या फेरीत देशभरातल्या ६,३६,६९९ घरांतून १५ ते ४९ वयाच्या ७,२४,११५ बायका आणि १५ ते ५४ वयाचे १,०१,८३९ पुरुष बोलले. महाराष्ट्रातल्या बायका ३३,७५५ आणि पुरुष ५,४९७. घर ओळखीनं निवडायचं नसतं. आधी वस्तीतल्या घरांची यादी होते आणि तिच्यातून सोडतीसारखी घरं निघतात. बाईशी बाई बोलते, पुरुषाशी पुरुष. पोरंबाळं, लसी, पाणी, जेवणखाण, पाळणा लांबवण्याची साधनं असं सगळं विचारून झाल्यावर लैंगिक संबंधांचा भाग येतो. तिथं मुलाखत घेणाऱ्यांना सूचना असते, की पुढे जाण्याआधी आजूबाजूला कोण आहे ते बघा, बाईला एकांत मिळेल याची खटपट करा.

एकांत मिळवणं किती अवघड, ते आमच्याकडे राहणाऱ्याला सांगायला नको. दोन खोल्यांचं घर असतं. परकी बाई हातात टॅब घेऊन आली म्हणून सासू उंबऱ्यावर येऊन बसते, शेजारीण चहाचं निमित्त काढून डोकावते, धाकटं पोर आईच्या मांडीवरून हलत नाही. नवरा शिफ्ट संपवून आला की 'काय विचारताय?' म्हणत तिथंच खाट ओढतो. मुलाखत घेणारी मग प्रश्न मागेपुढे करत बसते, सासूला काही काम निघेल याची वाट पाहते. तरीही जमलं नाही तर घरातल्या हिंसाचाराचा भाग वगळायचा, असा नियमच आहे. एका घरात तो भाग एकाच बाईला विचारायचा, म्हणजे जावेला कळणार नाही, सासूला कळणार नाही. एवढी काळजी घेऊन जे विचारलं जातं ते काय असतं? पहिला शरीरसंबंध आला तेव्हा वय काय होतं. गेल्या वर्षभरात ज्याच्याशी संबंध आला तो माणूस नात्यानं कोण. निरोध वापरला होता का. आजवर एकूण किती जणांशी संबंध आला. यात चवीनं वाचावं असं काय आहे?

आता 'लोक खोटं बोलतात' हे म्हणणं. बोलतात ना. हे शोधून काढायला गावच्या पारावरचं शहाणपण लागत नाही. या विषयात काम करणाऱ्यांनी तेच मोजायला आयुष्यं घातली आहेत. २००६-०७ मध्ये याच देवनारच्या संस्थेनं पॉप्युलेशन कौन्सिलबरोबर तरुणांचं मोठं सर्वेक्षण केलं. निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात लग्नाआधीच्या संबंधांबद्दल समोरासमोर विचारून झाल्यावर शेवटी एक कार्ड दिलं जाई. त्यावर हो किंवा नाही अशी खूण करायची, पाकिटात घालून पाकीट चिकटवायचं. मुलाखत घेणाऱ्याला उत्तर दिसत नसे. तोंडानं नाही म्हणालेल्या काही जणांनी पाकिटात हो लिहिलं. दोन्ही उत्तरं धरून १५ टक्के तरुणांनी आणि ४ टक्के तरुणींनी लग्नाआधी संबंध आल्याचं सांगितलं. अमेरिकेत १९९८ साली 'सायन्स' या नियतकालिकात असाच एक प्रयोग छापून आला. १५ ते १९ वयाच्या मुलांना तेच प्रश्न दोन प्रकारांनी विचारले होते. कागदावर लिहून देणाऱ्यांपैकी १.५ टक्के मुलांनी दुसऱ्या मुलाशी संबंध आल्याचं कबूल केलं. कानाला हेडफोन लावून प्रश्न ऐकायचा आणि संगणकाचं बटण दाबायचं, अशी सोय होती तिथं हेच प्रमाण ५.५ टक्के निघालं. लोक लपवतात, आणि किती लपवतात याचाही अंदाज घेता येतो, हे यातून दिसतं. म्हणजे समोरासमोर विचारून आलेला आकडा बहुतेक वेळा खालची पायरी असतो, खरं प्रमाण त्याहून वर असण्याचीच शक्यता. 'खोटं बोलतात, म्हणून काहीच घडत नाही' हा निष्कर्ष त्यातून कोणत्या तर्कानं निघतो?

या आक्षेपाला माझं खरं उत्तर मात्र वेगळं आहे, आणि ते कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतल्या एका आकड्यात आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कोणाची तरी मदत मागितली होती. ७७ टक्के बायकांनी मदत तर मागितली नव्हतीच, झालेलं कोणाला सांगितलंही नव्हतं. आईला नाही, बहिणीला नाही, पोलिसांना तर नाहीच. मग हे आपल्याला कळलं कसं? त्यांनी ते त्या टॅबवालीला सांगितलं म्हणून. जे माहेरी सांगितलं नाही ते एका परक्या बाईला सांगितलं, कारण तिनं दार लोटून, आवाज खाली आणून, विचारलं. आजवर दुसरं कोणीही विचारलं नव्हतं. आमच्याकडच्या बायका बोलत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी या ७७ टक्क्यांसमोर थोडा वेळ बसावं. मुलाखतीसाठी निवडलेल्या बायकांपैकी ९७ टक्के बायका प्रत्यक्ष बोलल्या. पुरुष ९२ टक्के.

आणि हेही बघा, की यातलं जे सर्वांत गंभीर आहे ते दुसऱ्या कुठल्या नोंदवहीत येऊच शकत नाही. लैंगिक हिंसा झालेल्या विवाहित बायकांपैकी ८२ टक्के बायकांनी ती करणारा म्हणून आताच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार बायको १८ वर्षांच्या वरची असेल तर नवऱ्यानं तिच्यावर केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. जो गुन्हाच नाही त्याची फिर्याद घेणार कोण? दवाखान्याच्या केसपेपरवर 'अंगावरून जातंय', 'कंबर दुखते', 'झोप नाही' एवढंच येतं. ठाण्यात काही नाही, कोर्टात काही नाही, दवाखान्यात निम्मं. देशात या गोष्टीची मोजणी होणारी जवळजवळ एकच जागा उरते ती म्हणजे हे सर्वेक्षण, आणि तेच नको म्हणायचं!

विरोध करणाऱ्यांच्या डोक्यात या विषयाचं जे चित्र बसलं आहे त्याला वर्तमानपत्रंही तितकीच जबाबदार आहेत, हे मला मान्य आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये या पाचव्या फेरीतून देशभरच्या छापील आणि दूरचित्रवाणीच्या पत्रकारांनी काय उचललं? ११ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत बायकांचे जोडीदार पुरुषांपेक्षा जास्त! राजस्थानात बायकांची सरासरी ३.१, पुरुषांची १.८. दोन दिवस तेवढंच चघळलं गेलं. त्याच तक्त्यात देशाची सरासरी होती. आजवर संबंध आलेल्या बायकांसाठी १.७, पुरुषांसाठी २.१. त्याच अहवालात असंही होतं, की गेल्या वर्षभरात नवरा-बायको किंवा सोबत राहणारं माणूस सोडून दुसऱ्याशी संबंध आल्याचं सुमारे ४ टक्के पुरुषांनी आणि अवघ्या ०.५ टक्के बायकांनी सांगितलं. मथळ्यात मात्र ते आलं नाही.

सरासरीचं गणित इथं सावधपणे वाचायला हवं. शंभर बायकांपैकी ९५ जणींनी 'एक' सांगितलं आणि पाच जणींनी मोठा आकडा सांगितला, तर सरासरी लगेच दोनकडे सरकते. पण त्यावरून 'बायका दोन-दोन ठेवतात' असं म्हणणं म्हणजे त्या ९५ जणींवर खोटा आळ घेणं. दुसरं असं, की बाई आणि पुरुष यांच्यातल्या प्रत्येक संबंधात दोन्ही बाजूंना एकेक माणूस असतो. म्हणून बाईपुरुषांची संख्या सारखी असेल, तर एकूण समाजात दोघांची सरासरी जवळजवळ सारखीच यायला हवी. ती येत नाही, तेव्हा कोणीतरी फुगवून सांगतंय, कोणीतरी लपवतंय, किंवा ज्यांच्याशी संबंध आले त्या बायका घरोघरच्या यादीत नाहीतच, असाच अर्थ होतो. शरीरविक्री करणाऱ्या बायका अशा यादीतून सहज निसटतात. हा विचार एकाही चर्चेत माझ्या कानावर आला नाही. जी गोष्ट संयमानं समजून घ्यायची तिचा तमाशा झाला, आणि तो पाहून आमच्याकडच्या सभ्य माणसांनी ठरवलं की हे सगळं थोतांड आहे.

थोतांडही आहेच, फक्त ते दुसरीकडे आहे. विवाहबाह्य संबंध जुळवून देणाऱ्या एका अ‍ॅपनं २०२० मध्ये जाहीर केलं की ५५ टक्के विवाहित भारतीयांनी जोडीदाराशी प्रतारणा केली आहे. सुमारे दीड हजार लोकांच्या उत्तरांवरून! ज्याचा धंदाच प्रतारणेवर चालतो त्यानं काढलेला हा आकडा आणि सोडतीनं निवडलेल्या घरांत जाऊन काढलेला आकडा, या दोन्हींना 'सर्वेक्षण' म्हणायचं आणि एकाच काठीनं हाणायचं, हा आळस आहे. अमेरिकेत आल्फ्रेड किन्सी यांच्या १९४८ आणि १९५३ च्या ग्रंथांवर हाच रास्त आक्षेप होता. त्यांनी हजारो मुलाखती घेतल्या, पण स्वतःहून पुढे आलेल्या माणसांच्या, तुरुंगातल्या माणसांच्या. सर्वसामान्य अमेरिकन माणूस त्यात किती, हे सांगता येत नव्हतं. त्यावर उपाय म्हणून विचारणं थांबवलं गेलं नाही. १९९२ मध्ये एडवर्ड लॉमन आणि सहकाऱ्यांनी सोडत पद्धतीनं निवडलेल्या ३,४३२ प्रौढांशी बोलून नवं काम केलं. सरकारी पैसा राजकारण्यांच्या विरोधामुळे मिळाला नव्हता, तो त्यांनी खासगी संस्थांकडून उभा केला. चित्र निघालं ते किन्सीच्या तुलनेत फारच साधं. गेल्या वर्षभरात एकच जोडीदार किंवा एकही नाही, असं पाचांतल्या चारांहून अधिक लोकांचं उत्तर. नीट विचारलं की सनसनाटी कमी होते, असाच आजवरचा अनुभव आहे.

'खेड्यात असलं काही नसतं' या म्हणण्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. कारण यात 'असलं' म्हणजे लफडी, एवढंच गृहीत धरलेलं आहे. नवरा-बायकोत जे घडतं ते जणू लैंगिक वर्तन नाहीच! पण या सर्वेक्षणांतून जे कळतं त्यातला बहुतेक भाग लग्नाच्या आतला आहे. सोलापूर जिल्ह्यापुरतं बोलतो. पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के निघालं. आपल्या जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या आसपास आहे, राज्याच्या जवळजवळ दुप्पट. आपल्याकडे बहुतेक मुलींचा पहिला संबंध लग्नानंतरच येतो, हे सगळे अभिमानानं सांगतात. मग जिल्ह्यातल्या पाचांपैकी दोन मुलींचं लग्न अल्पवयात होत असेल, तर त्यांचा पहिला संबंध कोणत्या वयात येतो? याला खेड्यात काही नसणं म्हणतात का? बारावीच्या वर्गात पोरगी दिवाळीनंतर परत येत नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे काही दिवस गैरहजेरी लागते, मग नाव कमी होतं. सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला कोणी लैंगिकतेचा प्रश्न म्हणत नाही, पत्रिका छापून त्याला 'शुभविवाह' म्हणतात.

शिवाय या गोष्टी विचारणं आपल्याकडे नवीनही नाही. र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. पोस्टानं त्यांच्याकडे वाचकांचे प्रश्न येत आणि ते छापून उत्तरं देत. १९३४ मधला त्यांच्यावरचा खटला अशाच उत्तरांवरून झाला. कोर्टात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांना प्रश्न पडतात, ते विचारणं आणि त्यांना शास्त्राला धरून उत्तर देणं हा गुन्हा कसा, हा तेव्हाचा वाद होता. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. लोकांना विचारायचं होतं, सांगायचं होतं, ऐकून घ्यायला समाज तयार नव्हता. नव्वद वर्षांत ऐकून घेणाऱ्यांची संख्या वाढली असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रानं शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीच्या नावाखाली बंद केला, तेव्हा कर्व्यांना दंड ठोठावणारीच बुद्धी बोलत होती.

आणि खेड्यात काही नसतं म्हणता, तर गडचिरोलीचं काय? तिथल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक संबंधांतून होणारे आजार निघाले. त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या बायका होत्या ८ टक्के. तोवर आरोग्य खात्याच्या लेखी खेड्यातली बाई म्हणजे गर्भाशय आणि त्यातली पोरं, एवढंच. त्या बायकांना त्रास नव्हता असं नाही. 'पांढरं जातंय' हे त्या एकमेकींत बोलतच होत्या. डॉक्टरांनी गावात जाऊन विचारलं, तपासलं, मोजलं, तेव्हा जगभरच्या वैद्यकाला ते मान्य करावं लागलं.

आता आमच्याकडची गोष्ट, जी मला रोज दिसते. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढलं आणि श्रीपूरला साखर कारखाना उभा राहिला. पलीकडे माळीनगर, अकलूज, सदाशिवनगर. गळीत हंगाम सुरू झाला की बीड, धाराशिव, जालन्याकडून टोळ्या येतात. कारखान्याच्या आसपास, रानात, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या जोडीला मिळते, म्हणून एकट्या माणसाला मुकादम घेत नाही आणि लग्न लवकर उरकण्याची घाई होते. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकऱ्या करते, फडावर जाते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, रात्री परत चूल. एक दिवस पडली की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. कोपीला दार नाही. आडोशाला चार काठ्यांवर जुनं लुगडं बांधलेलं असतं, आंघोळही तिथंच आणि पाळीचे कपडेही तिथंच. अशा कोपीत नवरा-बायकोनं आणि पोरांनी सहा महिने काढायचे. रात्री बाई नाही म्हणू शकते का, दारू प्यालेल्या नवऱ्याला, किंवा अंधारात आलेल्या दुसऱ्या कोणाला? तिला हे आजवर विचारलंय कोणी?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झाली ८२,३०९ बायकांची. पिशवी काढलेल्या निघाल्या १३,८६१. म्हणजे सहा जणींत एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. वयोगट अगदी सारखे नाहीत हे मान्य करूनही फरक डोळ्यांत भरतो. या बायका शिकल्या नाहीत, त्यांना समजत नाही, असं म्हणून तेव्हा अनेकांनी हात झटकले. पण त्यांचा हिशेब समजायला सोपा आहे. पाळी आली की खाडा. अंगावरून जायला लागलं की कॅन्सरची भीती घालणारा डॉक्टर. दिवस गेले तर हंगाम बुडाला. पिशवीच काढली की सगळ्यातून सुटका! लैंगिक आरोग्य, जबरदस्ती, गर्भनिरोध, मजुरी, कर्ज, यांची गाठ एका शस्त्रक्रियेत येऊन बसते. ही गाठ दिसली कारण कोणीतरी मोजलं. त्याआधी तीच बाई दर हंगामात आपल्या डोळ्यांसमोरून मोळी घेऊन जात होती.

'मोजून काय भलं होणार' याला आणखी एक उत्तर पुरुषांच्या आकड्यांत आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत संततिनियमनाची शस्त्रक्रिया झालेल्या विवाहित बायका देशात ३७.९ टक्के निघाल्या. नवऱ्यानं नसबंदी केलेली जोडपी ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया छोटी, धोका कमी, तो त्याच दिवशी घरी जातो. तरीही टेबलावर बाईच का? त्याच सर्वेक्षणानं पुरुषांना विचारलं होतं. ३५ टक्के पुरुष म्हणाले की गर्भनिरोध हे बायकांचं काम, पुरुषानं त्यात पडायचं कारण नाही. जवळजवळ २० टक्के म्हणाले की साधनं वापरणारी बाई बाहेरख्याली होऊ शकते. आता आरोग्य खात्यानं शिबिराचा फलक लावताना कोणाशी बोलायचं, हे या दोन आकड्यांतून कळत नाही का? बायको थकली असेल, नवऱ्याला गुप्तरोग असेल किंवा तो बाहेर जात असेल, तर तिनं शरीरसंबंधाला नकार देणं बरोबर आहे, असं तिन्ही कारणांसाठी मानणाऱ्या बायका ८० टक्के आणि पुरुष ६६ टक्के. या चौदा टक्क्यांच्या फरकात किती घरांतल्या रात्री आहेत, याचा विचार करा. आणि दुसरीकडे सात कारणांपैकी एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य, असं ४५ टक्के बायका आणि ४४ टक्के पुरुष म्हणतात. त्या सात कारणांत शरीरसंबंधाला नकार हेही एक आहे. ज्या बाईला नकाराचा हक्क तत्त्वतः मान्य आहे तिलाच नवऱ्याचा मारण्याचाही हक्क मान्य असू शकतो. माणसाच्या मनातली ही गुंतागुंत प्रवचनातून कळत नाही. ती एकेका बाईला दोन्ही प्रश्न विचारल्यावरच कळते.

ब्रिटनमध्ये १९८९ साली मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं अशा सर्वेक्षणाचा पैसा नाकारला होता. एड्स दारात उभा असताना! वेलकम ट्रस्टनं तो खर्च उचलला, १८,८७६ लोकांशी बोलणी झाली आणि रोग कुठं, कसा पसरू शकतो याचा अंदाज बांधायला पहिल्यांदा भरवशाचे आकडे मिळाले. ज्यांना हा विषय पाश्चात्त्यांचं खूळ वाटतो त्यांनी लक्षात घ्यावं, की विरोध तिथंही हाच होता आणि त्याला उत्तरही हेच दिलं गेलं.

माझी तक्रार या सर्वेक्षणांबद्दल आहेच, पण ती उलट दिशेची. त्यांनी फार विचारलं असं मला वाटत नाही. त्यांनी कमी जणांना विचारलं. लैंगिक वर्तनाचे आणि घरगुती हिंसेचे प्रश्न निवडलेल्या घरांपैकी फक्त १५ टक्के घरांत जातात. त्यामुळे त्यांची उत्तरं राज्यापुरती मिळतात, सोलापूर जिल्ह्याचं चित्र त्यातून निघत नाही. लग्नाचं वय जिल्ह्यासाठी कळतं, त्या लग्नात काय होतं ते कळत नाही. ४९ च्या पुढच्या बाईला कोणी काही विचारत नाही, जणू पन्नाशीला तिचं शरीर संपतं. पुरुष बायकांच्या एक सप्तमांशसुद्धा नाहीत. आणि घरांच्या यादीवर चालणाऱ्या पद्धतीतून कोपी सहज निसटते. ऊसतोड बाई बीडच्या गावात सापडली तर तिथली म्हणून मोजली जाईल, पण श्रीपूरच्या रानात तिचे जे सहा महिने जातात ते कोणत्याही तक्त्यात येत नाहीत.

म्हणून 'हे बंद करा' म्हणणाऱ्यांच्या विरोधात माझी मागणी अशी आहे, की हंगाम चालू असताना कोप्यांवर जाऊन विचारा. विचारणाऱ्या बायका मराठवाड्यातल्या असू द्या, त्यांची बोली तिला आपली वाटेल. तिला वाचता येत नसेल तर हेडफोन द्या, म्हणजे प्रश्न फक्त तिलाच ऐकू जाईल आणि शेजारच्या कोपीतल्या माणसाला उत्तर कळणार नाही. तिला नाही म्हणायचा हक्क पहिल्या वाक्यात सांगा आणि तो पाळा. मुकादमाला, कारखान्याच्या शेती खात्याला, टोळीतल्या पुरुषांनाही विचारा. त्यांच्याकडे सत्ता आहे, उत्तरंही त्यांच्याकडेच आहेत. त्या दिवशी तिचा खाडा धरला जाणार नाही, एवढी जबाबदारी कारखान्यांनी घ्यावी. आणि जे निघेल ते इंग्रजी अहवालात पुरून न ठेवता मराठीत छापून महाळुंग-श्रीपूरच्या नगरपंचायतीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि टोळ्या ज्या गावांतून येतात तिथल्या ग्रामपंचायतींत लावा.